हातगुणाचे मोल आणि मर्यादा

कंबरेत उसण भरली की पायाळू माणसाला शोधून आणायचे, त्याने दुखऱ्या जागी पाय लावायचा आणि चार दिवसांत पुन्हा कामाला लागायचे, हा महाराष्ट्रातल्या कित्येक घरांचा अनुभव आहे. जवळपास पायाळू नसेल तर कोणी निर्गुडीच्या पाल्याने शेकले, कोणी तिळाचे कोमट तेल चोळून घेतले, कोणी हाडवैद्याकडे गेले, तर कोणी नुसते कण्हत पडून राहिले. बहुतेकांना बरे वाटले. बरे वाटल्यावर ज्याने जो उपाय केला त्याला त्याने श्रेय दिले.

यात खोटे कोणीच बोलत नव्हते. अचानक उद्भवलेली साधी कंबरदुखी बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपली आपण ओसरते. ती ओसरत असताना जो उपाय चालू असेल तो यशस्वी ठरतो. म्हणून अंगदुखीवरच्या कोणत्याही उपचाराबद्दल लिहिताना एक प्रश्न सतत जवळ ठेवावा लागतो : दुखणे गेले, ते नेमके कशाने? हे पुस्तक ऑस्टिओपॅथी या उपचारपद्धतीची ओळख करून देते आणि तसे करताना हा प्रश्न टाळत नाही. माझ्या मते या प्रश्नाला सामोरे गेल्यावरच ऑस्टिओपॅथीची खरी किंमत कळते. जाणत्या हातांनी दुखणे काही काळ हलके होते. तेवढ्या अवधीत माणसाला पुन्हा वाकण्याचे, वळण्याचे, चालण्याचे धैर्य येते. पुढचे बरेचसे काम ती हालचालच करते. एवढेच या प्रस्तावनेचे म्हणणे आहे आणि ते थोडे नाही.

थोडे नाही, कारण हे दुखणे फार मोठ्या संख्येने माणसांना जखडून ठेवते. २०२० साली जगभरात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती, असा जागतिक रोगभार अभ्यासाचा अंदाज आहे. माणसाला कामाला असमर्थ करणाऱ्या कारणांत कंबरदुखी जगात पहिल्या क्रमांकावर आहे. हिच्यामुळे कोणी दगावत नाही, म्हणून तिची बातमी होत नाही. पण चिखलात दिवसभर वाकून भातलावणी करणारी बाई, उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणारा तोडणी कामगार, खड्ड्यांतून रोज दुचाकी हाकणारा विक्रेता आणि पडद्यासमोर मान पुढे काढून बसलेला कारकून, या सगळ्यांचे रोजचे जगणे तिच्यामुळे अवघड होते. वेदनाशामक गोळी घ्यायची आणि दिवस ढकलायचा, हाच त्यांतल्या बहुतेकांचा उपचार असतो.

या दुखण्याला भीतीची जोड मिळाली की ते चिवट होते. एमआरआय काढला जातो, अहवालात 'डिस्क बल्ज' लिहून येते, कोणीतरी 'मणक्यात गॅप आहे' असे सांगते आणि माणूस वाकायलाच घाबरू लागतो. कंबरेला पट्टा बांधला जातो, खाली बसणे बंद होते, घागर उचलणे बंद होते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात कंबर मुळीच न दुखणाऱ्या माणसांच्या तपासण्या एकत्र करून पाहिल्या होत्या. त्यांत विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्के लोकांच्या मणक्यांमधल्या चकत्यांची, म्हणजे डिस्कची, झीज दिसली. चाळिशीत चष्मा लागावा तशीच ही झीज वयाबरोबर येते. ती दिसली म्हणजे दुखण्याचे कारण सापडले असे होत नाही. पडून राहण्याच्या सल्ल्याचेही तसेच आहे. १९८६ साली अमेरिकेत कंबरदुखीच्या काही रुग्णांना दोन दिवस आणि काहींना सात दिवस अंथरुणात राहायला सांगून तुलना केली गेली. दोन दिवसवाल्यांचे काहीही बिघडले नाही, उलट त्यांचे कामाचे दिवस कमी बुडाले. हे सगळे आज वैद्यकशास्त्राला ठाऊक आहे. पण दवाखान्यातल्या पाच मिनिटांत ते रुग्णाच्या मनात उतरवायला कोणाला सवड नसते. ऑस्टिओपॅथीची गोष्ट इथून आपल्या कामाची होते.

ही पद्धत अमेरिकेत जन्मली. अँड्र्यू टेलर स्टिल यांचा जन्म १८२८ साली व्हर्जिनियात झाला. वडील मेथडिस्ट धर्मोपदेशक होते आणि वैद्यकीही करत. त्यांच्याच हाताखाली आणि त्या काळच्या रिवाजाप्रमाणे अनुभवातून स्टिल वैद्यकी शिकले. यादवी युद्धात ते उत्तरेच्या बाजूने होते. १८६४ साली मेंदूज्वराच्या साथीत त्यांच्या घरातली तीन मुले गेली. डॉक्टर आले होते, औषधेही दिली गेली होती. पण त्या काळची औषधे म्हणजे पाऱ्याचे क्षार, अफू, मद्य, वांत्या आणि जुलाब. मुले वाचवू न शकणाऱ्या या वैद्यकावरचा स्टिल यांचा विश्वास उडाला. दहा वर्षांनी, २२ जून १८७४ ही तारीख सांगून त्यांनी आपल्या नव्या विचाराची घोषणा केली. शरीराची रचना नीट असेल तर त्याचे काम नीट चालते, रक्ताचा प्रवाह मोकळा असेल तर शरीर स्वतःला बरे करते आणि वैद्याने हातांनी रचनेतले अडथळे दूर करावेत, असा तो विचार होता.

हाडांचा अभ्यास स्टिल यांनी अतिशय कसून केला. मूळ अमेरिकन लोकांच्या कबरी उकरून ते प्रेते अभ्यासत, असे त्यांनी स्वतःच आत्मचरित्रात लिहिले आहे. ज्यांचे पूर्वज असे उकरले गेले त्यांना कोणी विचारले नव्हते, ही गोष्ट या इतिहासात नोंदवायलाच हवी. पुढे ते गावोगाव हिंडून हाडे बसवू लागले आणि मिसुरी राज्यातल्या कर्क्सव्हिल गावी स्थिरावले. तिथे १८९२ साली त्यांनी 'अमेरिकन स्कूल ऑफ ऑस्टिओपॅथी' सुरू केले आणि पहिल्याच तुकडीत स्त्रियांना प्रवेश दिला. काही वर्षांतच आगगाड्या भरभरून रुग्ण त्या लहानशा गावात उतरू लागले. १९१७ साली स्टिल वारले.

त्याच १९१७ साली त्यांचे एक शिष्य, स्कॉटलंडचे जॉन मार्टिन लिटलजॉन, यांनी लंडनमध्ये 'ब्रिटिश स्कूल ऑफ ऑस्टिओपॅथी' स्थापन केले. इथून या विद्येच्या दोन वाटा झाल्या. अमेरिकेतल्या ऑस्टिओपॅथीच्या महाविद्यालयांनी औषधे, शस्त्रक्रिया असे सगळे वैद्यक हळूहळू आपल्या अभ्यासक्रमात घेतले. आज तिथले 'डीओ' पदवीधर पूर्ण डॉक्टर असतात. ते शस्त्रक्रिया करतात, औषधे लिहून देतात आणि त्यांच्यातले बरेच जण हाताने उपचार क्वचितच करतात. ब्रिटन आणि युरोपात ऑस्टिओपॅथ हा औषधे न देणारा, मुख्यतः हातांनी उपचार करणारा व्यावसायिक राहिला. ब्रिटनमध्ये १९९३ च्या कायद्याने त्यांची नोंदणी परिषद आली आणि नोंदणीशिवाय स्वतःला ऑस्टिओपॅथ म्हणवणे गुन्हा ठरले. फ्रान्सने २००२ साली या पदाला कायदेशीर मान्यता दिली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली ऑस्टिओपॅथीच्या शिक्षणासाठी किमान निकष प्रसिद्ध केले. भारतात मात्र ऑस्टिओपॅथीसाठी स्वतंत्र वैधानिक परिषद नाही. दारावर 'ऑस्टिओपॅथ' अशी पाटी दिसली तर त्यामागे परदेशातले चार-पाच वर्षांचे शिक्षण असू शकते, फिजिओथेरपीच्या पदवीनंतरचा अभ्यासक्रम असू शकतो किंवा चार दिवसांचे शिबिरही असू शकते. या पुस्तकाची मराठीत गरज वाटण्याचे हे एक मोठे कारण आहे. पाटी वाचून जे कळत नाही ते वाचकाला विचारता आले पाहिजे.

चांगल्या ऑस्टिओपॅथच्या खोलीत पहिला बराचसा वेळ बोलण्यात जातो. दुखणे कधी सुरू झाले, कशाने वाढते, कशाने कमी होते, झोप कशी आहे, काम कोणते, पूर्वी कोणते आजार झाले, कोणत्या गोळ्या चालू आहेत. मग उभे करून, चालवून, वाकवून तो शरीर पाहतो. कंबर दुखत असली तरी नितंबाचा सांधा, घोटा आणि पाठीचा वरचा भागही तपासतो, कारण एक सांधा आखडला की त्याचा भार दुसऱ्यावर पडतो, ही या विद्येची मूळ धारणा आहे. त्यानंतर हातांचे काम सुरू होते. कुठे स्नायू दाबून, ताणून सैल केले जातात. कुठे सांधा हळूहळू त्याच्या मर्यादेपर्यंत झुलवला जातो. कुठे रुग्णाला स्वतःचा स्नायू काही क्षण आवळायला सांगतात आणि तो सैल सोडला की सांधा थोडा पुढे नेतात. क्वचित लहान, झटपट झटका देतात आणि कडकन आवाज येतो. हा आवाज सरकलेले हाड जागेवर बसल्याचा नसतो. सांध्यातल्या द्रवात दाब एकदम उतरून पोकळी तयार होते, त्याचा तो असतो. बोटे मोडताना येणारा आवाजही तोच. आवाज आला नाही म्हणून उपचार फसला असेही नाही.

मग आराम कशाने पडतो? स्टिल यांना वाटत होते तसे हाडे जागेवर आल्याने नव्हे. निरोगी मणके असे सहजी जागा सोडत नाहीत आणि हाताच्या दाबाने ते कायमचे हलतही नाहीत. आजचे उत्तर मज्जासंस्थेत शोधले जाते. १९६५ साली रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी मांडलेल्या सिद्धांतानुसार, वेदनेचा संदेश मेंदूकडे जाण्याआधी पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूतच त्याच्यावर नियंत्रण होते आणि स्पर्शाचे, दाबाचे संदेश त्याला तिथे काही प्रमाणात अडवतात. ठेच लागल्यावर आपण नकळत अंगठा चोळतो त्यामागेही हेच आहे. दुखऱ्या भागाभोवतीचे स्नायू संरक्षणासाठी आवळून बसलेले असतात, ते हातांखाली काही काळ सैल पडतात. आणि कोणीतरी आपले पूर्ण ऐकून घेतले, दुखणारा भाग निर्भयपणे हलवून दाखवला आणि 'कंबर मजबूत आहे, मोडणार नाही' असे सांगितले, याचाही वेदनेवर परिणाम होतो. हा परिणाम मनाचा म्हणून खोटा ठरत नाही. वेदना मेंदूतच घडते आणि मेंदूला धीर मिळाला की ती खरोखर कमी होते.

आता त्या पहिल्या प्रश्नाकडे. संशोधन काय सांगते? १९९९ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास आला. कंबरदुखीच्या १७८ रुग्णांपैकी काहींना नेहमीचे उपचार आणि काहींना ऑस्टिओपॅथीचे हातांचे उपचार दिले होते. बारा आठवड्यांनी दोन्ही गट सारखेच सुधारले, पण ऑस्टिओपॅथीच्या गटाला औषधे कमी लागली. २००४ साली ब्रिटनमध्ये १,३३४ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात ऑस्टिओपॅथ, मणक्यांवर हातांनी उपचार करणारे कायरोप्रॅक्टर आणि फिजिओथेरपिस्ट यांनी मिळून ठरवलेले हातांचे उपचार नेहमीच्या उपचारांना जोडले गेले. तीन महिन्यांनी लहान ते मध्यम फायदा दिसला, वर्षाअखेरीस तो लहान उरला. २०२१ साली फ्रान्समधल्या ४०० रुग्णांच्या अभ्यासात खरे ऑस्टिओपॅथीचे उपचार आणि नुसता हलका स्पर्श यांची तुलना झाली. खऱ्या उपचारांचा गट दैनंदिन हालचालींत किंचित पुढे होता, पण तो फरक रुग्णाला जाणवण्याइतका नसावा, असे संशोधकांनीच नमूद केले.

हे निकाल मी मुद्दाम शेजारी शेजारी ठेवले आहेत. ऑस्टिओपॅथीचा अभिमानी पहिला अभ्यास दाखवतो आणि टीकाकार शेवटचा. तिन्ही एकत्र वाचले की वाजवी चित्र उभे राहते. फायदा आहे, पण लहान आहे, बराचसा सुरुवातीच्या महिन्यांतला आहे आणि त्यात स्पर्शाचा, वेळेचा, धीराचा वाटा मोठा आहे. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हणूनच हातांच्या उपचारांना जागा दिली, पण व्यायामाच्या जोडीनेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शनातही दीर्घकालीन कंबरदुखीसाठी समुपदेशन आणि व्यायाम यांच्याबरोबर मणक्यांवरील हातांच्या उपचारांचा सशर्त समावेश आहे. वेदनाशामक गोळ्यांचा पोटावर आणि मूत्रपिंडावर होणारा भार लक्षात घेता, गोळ्या कमी करणारा लहान फायदासुद्धा मला मोलाचा वाटतो.

कंबरेखेरीज इतर दुखण्यांचे काय? अवघडलेली मान, मानेतून डोक्याकडे चढणारी डोकेदुखी, खांद्याचा आणि पाठीच्या वरच्या भागाचा ताठरपणा यांत हातांच्या उपचारांनी थोडा आराम पडू शकतो, पण तिथला पुरावा कंबरेपेक्षा विरळ आहे. गुडघ्याची झीज असेल तर मांडीचे स्नायू बळकट करणारा व्यायाम आणि वजन आटोक्यात ठेवणे हे आधी येते. विल्यम सदरलँड यांनी सुरू केलेल्या कवटीच्या ऑस्टिओपॅथीबद्दल या पुस्तकात स्पष्ट लिहिले आहे : कवटीची हाडे तालात हलतात आणि ती हाताला जाणवतात, या दाव्याला भरवशाचा आधार नाही. एकाच डोक्यावर दोन जाणकारांनी हात ठेवला तरी त्यांचे निष्कर्ष जुळत नाहीत. दमा, मधुमेह, रक्तदाब, बाळाचे रडणे अशा गोष्टी मणका दाबून बऱ्या करण्याचे आश्वासन कोणी देत असेल, तर वाचकाने तिथून उठावे. चालू गोळ्या बंद करायला सांगणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नये.

काही लक्षणे असताना कोणाच्याही हाताखाली जाऊ नये, आधी डॉक्टर गाठावा. लघवी अडणे किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटणे, मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि बसण्याच्या जागी बधिरपणा येणे, पायातली शक्ती झपाट्याने कमी होणे ही तातडीची लक्षणे आहेत. त्यांत रात्र काढणेही धोक्याचे. ताप, वजन घटणे, रात्री झोपेतून उठवणारे न थांबणारे दुखणे, पूर्वी झालेला कर्करोग, पडल्यानंतर किंवा अपघातानंतर सुरू झालेली पाठदुखी यांची तपासणी झालीच पाहिजे. आपल्याकडे मणक्याचा क्षयरोग आजही आढळतो, आणि 'उसण असेल' म्हणून महिनोन्‌महिने तेल चोळत बसलेल्या रुग्णांचा त्यात कायमचा तोटा होतो. हाडे ठिसूळ झालेल्या वृद्धांना झटका देणारे उपचार करू नयेत. मानेला दिलेल्या झटक्याने मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी चिरण्याचा धोका दुर्मीळ असला तरी परिणाम पक्षाघाताचा असतो. मानेचा झटका नाकारण्याचा रुग्णाला पूर्ण अधिकार आहे आणि चांगला ऑस्टिओपॅथ तो विचारल्याशिवाय देत नाही. उपचारानंतर एक-दोन दिवस अंग ठणकणे मात्र नेहमीचे आहे, त्याला घाबरू नये.

मग जायचे कोणाकडे? शिक्षण कुठे आणि किती वर्षे झाले, हे नि:संकोच विचारावे. महाराष्ट्रात फिजिओथेरपिस्टांची नोंदणी करणारी राज्य परिषद आहे. उपचार करणारा मुळात फिजिओथेरपिस्ट किंवा डॉक्टर असेल तर त्याची नोंदणी पाहता येते. किती वेळा यावे लागेल, हेही पहिल्याच भेटीत विचारावे. तीन-चार भेटींत काहीच फरक नसेल तर थांबावे आणि पुन्हा तपासणी करून घ्यावी. घरी करायचे व्यायाम शिकवणारा, तुमचे काम समजून घेऊन त्यात बदल सुचवणारा आणि आपल्या आवाक्यात नसलेले दुखणे पुढे पाठवणारा माणूस भरवशाचा. आयुष्यभर दर आठवड्याला यायला सांगणारा नव्हे.

पुस्तकाची रचना याच क्रमाने केली आहे. पहिले प्रकरण पाठीचा कणा किती बळकट आणि लवचीक आहे हे सांगते, कारण भीती गेल्याशिवाय पुढचे काही उपयोगाचे नाही. नंतरची प्रकरणे कंबर, मान, खांदा, गुडघा अशी दुखण्यागणिक आहेत. प्रत्येकात ऑस्टिओपॅथ काय करतो, त्याला आधार किती आहे आणि घरी काय करायचे, हे तीन भाग आहेत. घरच्या भागाला सर्वांत जास्त पाने दिली आहेत. शेतात, बाजारात, स्वयंपाकघरात राबणाऱ्यांना वारंवार उपचारांना जाण्याइतका पैसा आणि वेळ नसतो. त्यांच्या हाती लागेल ते ज्ञान सर्वांत आधी द्यायचे, हा त्यामागचा विचार.

वर सांगितलेल्या धोक्याच्या लक्षणांपैकी एक जरी असेल, तर पुस्तक मिटून डॉक्टरांकडे जावे. बाकीच्यांनी पहिले प्रकरण वाचावे, उठावे आणि दहा मिनिटे चालून येऊन दुसरे उघडावे.